लोण्याशिवाय लोणी डोसा!

बंगळुरूत रविवारी सकाळी घरात नाश्ता करणारी माणसं कमीच. मल्लेश्वरमचं सीटीआर असो की गांधी बाजारातलं १९४३ पासूनचं विद्यार्थी भवन, दहाच्या सुमारास बाहेर गर्दी ठरलेली. आमचंही कुटुंब कित्येक वर्षं त्या गर्दीत असायचं. सासरे मूळचे बेळगावचे. बेन्ने मसाला डोसा हा त्यांचा जीव की प्राण. कन्नडमध्ये ‘बेन्ने’ म्हणजे लोणी. पुण्या-कोल्हापुरात गाड्यांवर ‘दावणगिरी लोणी डोसा’ मिळतो ना, त्याचंच हे भावंड. इथे तो जरा जाड, बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ आणि वर लोण्याचा गोळा.

मग एका तपासणीत बाबांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी लोणी-तूप अगदी कमी करायला सांगितलं. पुढच्या रविवारी आम्ही निघालो, तर बाबा म्हणाले, “तुम्ही जा गं, मी ओट्स खातो.” नातवंडं हिरमुसली. त्या दिवशी डोसा कोणालाच गोड लागला नाही. तेव्हा ठरवलं, बाबा डोशाकडे जाऊ शकत नसतील, तर डोसा घरी आणायचा. दूध, लोणी, तूप काहीही न घालता आणि खरोखर हलका.

‘वनस्पतीजन्य’ म्हणजे हलका असं नाही

पहिली चूक इथेच झाली. लोण्याऐवजी मी भरपूर खोबरेल तेल सोडलं. डोसा मस्त झाला. पण नंतर पोषणाचे आकडे पाहिले आणि चपापले. लोण्यात निम्म्याच्या आसपास संपृक्त स्निग्धांश असतात, तर खोबरेल तेलात त्याहूनही खूप जास्त. वनस्पती तूपही नावाने वनस्पतीचंच. पण हृदयाच्या दृष्टीने तेही टाळलेलंच बरं.

आता साधा हिशेब बघा. एक मोठा चमचा, म्हणजे साधारण १४ ग्रॅम लोणी घेतलं तर सुमारे १०० कॅलरी आणि ७ ग्रॅम संपृक्त स्निग्धांश पोटात जातात. तेवढंच शेंगदाणा तेल घेतलं तर कॅलरी उलट वाढून १२० होतात, कारण तेलात लोण्यासारखा पाण्याचा अंश नसतो. म्हणजे नुसती अदलाबदल करून भागत नाही, मापही कमी करावं लागतं. एका डोशाला एक छोटा चमचा शेंगदाणा तेल पुरतं. त्यात कॅलरी ४० आणि संपृक्त स्निग्धांश एक ग्रॅमहून कमी.

पीठ असं करा (साधारण १६ डोसे)

जाडा किंवा इडलीचा तांदूळ २ वाट्या, उडीद डाळ पाऊण वाटी, चणा डाळ २ चमचे, मेथीदाणे अर्धा चमचा, पोहे पाव वाटी आणि नाचणीचं पीठ अर्धी वाटी.

तांदूळ वेगळे, डाळी आणि मेथी वेगळी, असं ५-६ तास भिजवा. पोहे वाटण्याआधी दहा मिनिटं भिजवले तरी चालतात. डाळ अगदी मऊ, फुगेपर्यंत वाटा. तांदूळ आणि पोहे किंचित रवाळ राहू द्या. सगळं एकत्र करून नाचणीचं पीठ आणि मीठ हाताने कालवा.

पहिल्यांदा मी उत्साहाच्या भरात निम्मी नाचणी घातली होती. डोसा तव्यावरच मोडला. बाबांनी तो काळपट तुकडा उचलून विचारलं, “हा कोळशाच्या वखारीतून आणलास का?” तेव्हापासून अर्ध्या वाटीवर आले. एक गोष्ट स्पष्ट सांगते, नाचणीच्या कॅलरी तांदळापेक्षा फारशा कमी नसतात. तिच्यातून मिळतो तो चोथा आणि कॅल्शियम. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं.

बंगळुरू समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून उंच आहे, त्यामुळे इथल्या डिसेंबर-जानेवारीत पीठ लवकर आंबत नाही. मुंबईत आठ तासांत फुगणाऱ्या पिठाला इथे बारा-चौदा तासही लागतात. पातेलं दिवा लावलेल्या बंद ओव्हनमध्ये किंवा जाड टॉवेलात गुंडाळून ठेवा. पीठ नीट आंबलं की डोसा जाळीदार आणि हलका होतो. तिथे घाई करू नका.

भाजीत पावटे

मसाला डोशातली बटाट्याची भाजी इथे ‘पल्या’. आम्ही बटाटे निम्मे केले आणि उरलेल्या जागी उकडलेले पावटे घातले. थंडीत बंगळुरूभर अवरेकाईच्या शेंगांचे ढीग लागतात. व्ही. व्ही. पुरम-बसवनगुडी भागात ‘अवरेबेळे’ मेळाही भरतो. अवरेकाई म्हणजे आपले पावटे आणि अवरेबेळे म्हणजे भिजवून सोललेले दाणे. त्यामुळे बाबांना ती भाजी परकी वाटलीच नाही. पावट्यांचा हंगाम नसेल तेव्हा मटार किंवा मोड आलेले मूग घाला. फोडणी एक चमचा तेलात मोहरी, चणा डाळ, कढीपत्ता, हिरवी मिरची, कांदा आणि हळदीची. प्रथिनं वाढतात आणि पोटही जास्त वेळ भरलेलं राहतं.

लोण्याच्या वासाचं काय?

लोण्याचा वास येणार नाही, हे आधीच मान्य करू. त्या जागी दुसरा खमंगपणा आणायचा. भिजवलेल्या ब्याडगी मिरच्या, लसूण, थोडी चिंच, मीठ आणि डाळं यांच्या लाल चटणीत एक चमचा भाजलेले तीळ वाटा. डोशाच्या आतल्या बाजूला ही चटणी पातळ पसरली की लोण्याची आठवण बरीच कमी होते. सोबतच्या चटणीत खोबरं निम्मं करून डाळं आणि भरपूर कोथिंबीर घाला.

कुरकुरीतपणा तर मुळात लोण्यामुळे येतच नाही. तो तापलेल्या तव्याचा आणि चणा डाळ-पोह्यांचा. तवा तापला की पाण्याचा हबका मारा, अर्ध्या कांद्याने तेल चोळा, मध्यम आचेवर पीठ घाला आणि मधून बाहेर गोल पसरवा. कडेने एक छोटा चमचा तेल सोडा. झाकण ठेवू नका. नाचणीमुळे सोनेरी रंग दिसत नाही, म्हणून रंगावर जाऊ नका. कडा आपोआप सुटू लागल्या की डोसा झाला.

पुन्हा एकाच टेबलावर

चौथ्या रविवारी बाबांनी पहिला डोसा न बोलता संपवला. दुसरा मागितला. मग म्हणाले, “हा बेन्ने डोसा नाही. पण हा पण डोसा आहे.” आमच्यासाठी एवढी पावती पुरेशी होती.

आता महिन्यातले तीन रविवार डोसा घरीच होतो. नातू चटणी वाटतो, नात पीठ पसरवते, आजोबा तव्याशेजारी उभे राहून सूचना देतात. चौथ्या रविवारी डॉक्टरांना विचारूनच आम्ही जुन्या रांगेत उभे राहतो आणि आजोबा-नात मिळून एक डोसा खातात.

तुमच्याही घरी कोणाला पथ्य असेल, मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल, तर बटाटा, मीठ आणि कडधान्यांचं प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा. आणि जमलं तर पथ्याचं ताट वेगळं वाढू नका. जे एकाला चालतं, तेच चवदार करून सगळ्यांनी खा.