गिटारची बटणे: एक घट्ट, एक सैल

वसई धर्मप्रांतातील अनेक गायकवृंदांत व्हायोलिन आणि कीबोर्डच्या जोडीला इलेक्ट्रिक गिटारही आता स्थिरावली आहे. ती वाजविणाऱ्या तरुणांकडून आमच्या कानी वारंवार एक तक्रार येते: गिटारवरील एक बटण दगडासारखे घट्ट, तर शेजारचे इतके सैल की फुंकरीने फिरावे. बाब क्षुल्लक वाटते, परंतु मिस्साविधीत ती जाणवते. स्तोत्रगायकाचा आवाज पुढे यावा म्हणून वादक गिटारचा आवाज हळूहळू उतरवू पाहतो. घट्ट बटण आधी हलतच नाही आणि मग एकदम सरकते. सैल बटणाला करंगळीचा नुसता स्पर्श झाला, तरी पुढचे गीत अर्ध्या आवाजात सुरू होते.

दोष बटणाचा असतोच असे नाही. आपण फिरवतो ती केवळ टोपी होय. तिच्याखाली पोटेन्शिओमीटर नावाचा भाग असतो. कारागीर त्यास 'पॉट' म्हणतात. त्याच्या पोटात कार्बनचा अर्धगोल पट्टा असून त्यावरून धातूची एक जीभ सरकते. ही जीभ ज्या दांड्याला जोडलेली असते तो पितळी नळीतून वर येतो. नळी व दांडा यांच्या फटीत कारखान्यातच घट्टसर ग्रीस भरलेले असते. हाताला जाणवणारा मऊ विरोध बहुतांशी या ग्रीसचा असतो. ते सुकले की बटण जड होते, धुऊन गेले की सैल पडते. दुरुस्तीत निरनिराळ्या कंपन्यांचे पॉट बसवले गेले असतील, तर फरक पहिल्या दिवसापासूनच असतो. आपल्या किनारपट्टीची दमट, खारी हवा धातूला गंज चढवून त्यात भर घालते.

म्हणून प्रथम वायर काढून सर्व टोप्या उतरवाव्यात. टोपीला बाजूने बारीक स्क्रू असल्यास तो आधी ढिला करावा. नसल्यास टोपीखाली पातळ फडके गुंडाळून सरळ वर ओढावे. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये, रंग उडतो. आता उघडे दांडे बोटांनी फिरवून पाहावेत. सर्व सारखेच फिरत असतील, तर टोपी अति खाली दाबली जाऊन नटाला किंवा प्लास्टिकच्या पट्टीला घासत होती, एवढाच अर्थ. ती पोस्टकार्डाच्या जाडीइतकी वर बसवली की काम संपले. फेऱ्यात एकाच जागी अडत असेल, तर टोपी तिरकी बसली आहे किंवा दांडा वाकला आहे. अमेरिकी बनावटीच्या पॉटच्या दांड्यावर बहुधा 24 दाते असतात, आशियाई बनावटीच्या पॉटवर 18. एकाची टोपी दुसऱ्यावर ठोकून बसवली की ती डगमगते किंवा तडकते.

दांडाच संपूर्ण फेऱ्यात जड असेल, तर तो नळीत शिरतो त्या जागी हलक्या यंत्रतेलाचा एकच थेंब टाकावा आणि वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे. येथे आमची एक चूक सांगणे योग्य ठरेल. बटण फिरवताना येणारी खरखर घालविण्यासाठी आम्ही एकदा क्लीनरचा फवारा थेट दांड्यावरूनच मारला. खरखर गेली, पण ग्रीसही गेले आणि बटण कायमचे सैल झाले. खरखर हा कार्बनच्या पट्ट्यावरील धुळीचा आजार, घट्टपणा हा नळीतला. फवारा मारावयाचा तो आतून, तारा जोडलेल्या पायांजवळील फटीत, अगदी थोडा. आणि वेदीजवळ मेणबत्त्या पेटलेल्या असताना तर मुळीच नाही.

सैल पॉटवर उपाय त्याहून सोपा आहे. टोपी व नट यांच्यामध्ये रबराची बारीक रिंग किंवा नमद्याचा वॉशर बसवावा. विरोध किती हवा तो टोपी कमीअधिक दाबून ठरविता येतो. व्हॉल्यूमचे बटण थोडे जड व टोनचे हलके असलेले काही वादकांना आवडते, त्यांच्याशी आमचा वाद नाही.

नट सैल असेल, तर संपूर्ण पॉट आतल्या आत फिरतो आणि तार तुटते. पाना लावताना आतील भाग दुसऱ्या हाताने धरून ठेवावा व बेताचेच आवळावे.

एवढे करूनही फरक राहिलाच, तर पॉट बदलावेत. मात्र एकटा न बदलता सर्व एकाच कंपनीचे घ्यावेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाण्यापूर्वी जुन्या पॉटवरील आकडा व अक्षर लिहून घ्यावे. एकेरी कॉइलच्या पिकअपला सामान्यतः 250 किलोओहम आणि हंबकरला 500 किलोओहम लागतो. आजच्या बहुतेक पॉटवर 'ए' हे अक्षर कानाला सम वाटेल अशा चढउताराचे, तर 'बी' हे सरळ प्रमाणाचे असते. दांड्याची जाडी व लांबी मोजून न्यावी, अन्यथा जुन्या टोप्या बसणार नाहीत.