शालेय सेवाकार्य : तासांची नोंद आणि पाण्याचा प्रश्न

फारसीतील ‘खिदमत’ मराठीत ‘खिजमत’ होऊन आला आणि त्याबरोबर ‘खिजमतगार’ही आला. ‘सेवा’ या शब्दालाही ‘सेवक’ चिकटलेला आहेच. दोन्ही भाषांत एकच शब्द स्वेच्छेने केलेले उपकारक काम आणि दुसऱ्याची चाकरी असे दोन्ही अर्थ वाहतो. शाळेत सेवाकार्य शिकविताना हा दुहेरी अर्थ विसरून चालत नाही.

शिक्षण व श्रम यांची सांगड घालण्याचा मोठा प्रयत्न ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत झाला. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ‘नई तालीम’चा आराखडा तयार केला. त्यात हस्तव्यवसाय हा वेगळा तास नव्हता. गणित, भाषा व परिसराचे ज्ञान त्यातूनच शिकायचे होते. पुढे कोठारी आयोगाने (1964-66) कार्यानुभव व समाजसेवेचा आग्रह धरला. 24 सप्टेंबर 1969 रोजी 37 विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. दोन वर्षांत 240 तास हे तिचे सर्वपरिचित गणित. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च शिक्षणात समाजसहभाग व सेवेला श्रेयांकांत स्थान दिले. पण तास मोजता येतात म्हणून तेच मोजले जातात. मूळ सांगड मात्र सैल होत गेली.

ही उणीव कोठे जाणवते, हे महू येथे पाहावे. 14 एप्रिल 1891 रोजी याच छावणीच्या गावी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिकवीत. दरवर्षी जयंतीला महाराष्ट्रासह अनेक प्रांतांतून मोठा जनसमुदाय येथे लोटतो. एप्रिलच्या उन्हात पाणी व भोजनाची सोय करणे हे येथील खरे सेवाकार्य होय.

मात्र विद्यार्थ्याने निव्वळ पेले भरले, तर त्याचे चार तास भरतात, शिक्षण होतेच असे नाही. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावाला शिपायाने नळ उघडल्याशिवाय पाणी पिता येत नसे, आणि बसायला स्वतःचे गोणपाट घरून आणावे लागे. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. ती वाचून जो विद्यार्थी टाकीपाशी उभा राहतो, त्याला पेला देणे आणि पेला घेणे यांत इतिहास आहे हे कळते. मग लिटर, माणसे, टाक्या यांचा हिशेब गणिताचा. रांगेतील वृद्धांशी बोलणे भाषेचे. पाणी कोठून आले, हा प्रश्न भूगोलाचा.

याच कसोटीवर शाळेची सफाईही तपासावी लागते. झाडू कोणाच्या हाती आणि नोंदवही कोणाच्या? स्वच्छतागृह घासण्याचे काम नेहमी त्याच मुलांकडे जात असेल, तर ती समाजसेवा नव्हे. जातीची जुनी वाटणी शाळेच्या शिक्क्यानिशी पुन्हा चालू आहे. मुलींच्या वाट्याला स्वयंपाक आणि मुलांच्या वाट्याला व्यासपीठ, हीही तीच तऱ्हा. कामांचा क्रम फिरता ठेवणे शिक्षकाला सहज शक्य आहे, आणि सुरुवात स्वतःपासून करणे थोडे अवघड. सेवाकार्याच्या नोंदवहीत दिनांक, स्थळ व तास असे तीन रकाने असतात. चौथा रकाना ‘काम कोणी वाटून दिले’ असा आखून पाहावा.