क्रेन टनावर नव्हे, कामावर निवडावी



ऊस उतरविण्यासाठी नवी क्रेन घ्यायची म्हटली की सभेत एक प्रश्न हमखास येतो : "मिलवरची क्रेन जास्त टनाची, मग उसाच्या कमी टनाच्या क्रेनला एवढा पैसा कशाला ?" प्रश्न रास्त आहे. भांडवल आपलेच आहे, म्हणून हिशेबही समजून घेतला पाहिजे.

क्रेन निवडताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात. एका वेळी किती ओझे उचलायचे, आणि दिवसातून किती वेळा उचलायचे. मिलवरची क्रेन रोलरसारख्या जड भागाच्या वजनावर बेतलेली असते. पण तिचे खरे काम हंगाम संपल्यावर, दुरुस्तीच्या दिवसांत. उसाची क्रेन हंगामभर रात्रंदिवस चालते. यात्रेत एक दिवस पळणारा बैल आणि रोज नांगराला जुंपायचा बैल आपण एकाच नजरेने पारखत नाही, तसेच हे आहे. म्हणून क्रेनला कामाचे वर्गही असतात. एम-१ हा हलक्या, तर एम-८ हा सर्वांत कष्टाच्या कामाचा. मोटार, ब्रेक, गिअर, वायर-रोप हे सर्व या वर्गाप्रमाणे ठरते. किंमत वाढते ती इथे.

आता संख्येचा हिशेब. रोज २५०० टन गाळणारा कारखाना धरू. तासाला सुमारे १०४ टन ऊस गव्हाणीत पडला पाहिजे. समजा क्रेन ५ टनांची आहे. हुकाखालच्या बीम-साखळ्यांचे वजनही त्या ५ टनांतच मोजायचे असते. ते १ टन धरले तर ऊस उरला ४ टन. एका खेपेला ३ मिनिटे लागली तर तासाला २० खेपा, म्हणजे ८० टन. एक क्रेन पुरत नाही, दोन लागतात. आणि त्यातली एक बंद पडली तर गव्हाण उपाशी आणि तळावर गाड्यांची रांग. तोडलेला ऊस वाळतो, काट्यावर वजन घटते, तो तोटा सभासदाचा. उतारा घसरतो, तो तोटा सर्वांचा.

म्हणून टेंडरमध्ये नुसते 'इतक्या टनांची क्रेन' लिहून भागत नाही. कामाचा वर्ग, गाळा किती रुंद, हुक किती उंच जावा, तासाला किती खेपा, उघड्यावर पाऊस-धूळ लागणार का, हे सर्व लिहावे लागते. हुक फार वर गेला तर मोटार आपोआप थांबविणारा लिमिट स्विचही हवा. सुटे भाग वेळेवर मिळतील का, हेही आधीच विचारावे. हे न पाहता सर्वांत कमी दराचे टेंडर घेतले, तर वाचलेला पैसा ऐन हंगामात बंद पडलेल्या तासांत जातो.

क्रेनची वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी झालीच पाहिजे, आणि ठरलेल्या भारापेक्षा जास्त ओझे तिने उचलता कामा नये.

यात आपलाही वाटा आहे. ऊस भरण्याआधी साखळ्या नीट अंथराव्यात, झिजलेल्या वापरू नयेत. ट्रॉली एका अंगाला कलती भरू नये. गाडी बरोबर हुकाखाली लावावी. तिरपी ओढ वायर-रोपला मारते. आणि ओझे वर असताना गाडीवानाने, ड्रायव्हरने किंवा पोराबाळांनी त्याखाली क्षणभरही उभे राहू नये. साखळी तुटायला तेवढाच वेळ लागतो.

— ऊस विकास अधिकारी