प्रवाळाचे पहारेकरी

मालवणच्या समुद्रात जिवंत प्रवाळ आहेत. पण तेथील पाणी गढूळ असल्याने ते बहुतांशी धोंड्यासारखे गोल वा चपटे वाढतात. झुडपाप्रमाणे फांद्या फुटलेले प्रवाळ पाहावयाचे तर लक्षद्वीपच्या स्वच्छ पाण्याकडे वळावे लागते. तेथे पोसिलोपोरा नावाच्या प्रवाळाच्या बेचक्यांत अंगठ्याच्या नखाएवढे, तुळतुळीत पाठीचे खेकडे राहतात. त्यांस ट्रॅपीझिया म्हणतात. एका झुडपात बहुधा नर-मादीचे एकच जोडपे असते; त्याच जातीचा तिसरा आला की त्यास हुसकावून लावण्यात येते.

प्रवाळाच्या अंगावर बुळबुळीत स्राव पाझरत असतो. खेकडा आपल्या पायांवरील केसांच्या कुंचल्याने तो गोळा करून खातो. एवढेच असते तर त्यास बांडगूळ म्हणता आले असते. परंतु खेकडे जवळ असले म्हणजे प्रवाळ आपल्या शुंडांच्या टोकांशी मेदाचे कण अधिक तयार करतो, असे स्टिमसन यांनी १९९० मध्ये दाखविले. पाहुण्यासाठी वेगळे ताट वाढावे, तसाच हा प्रकार!

आणि पाहुणाही फुकट जेवत नाही. ‘काटेरी मुकुट’ हा तारामासा आपले जठर बाहेर काढून प्रवाळावर पसरतो व त्यास जागीच पचवितो. तो जवळ येताच हा चिमुकला खेकडा पुढे सरसावतो, त्याच्या नलिकापादांना चिमटे काढतो, काटे छाटतो. नांग्यांना कोकणात डेंगे म्हणतात; त्या डेंग्यांपुढे कित्येक पट मोठा शत्रू माघार घेतो. गाळाशीही त्याचे वैर आहे. प्रशांत महासागरातील मूरिया बेटाजवळ काही प्रवाळांवरील खेकडे काढून टाकले असता महिन्याच्या आत त्यांतील ४५ ते ८० टक्के प्रवाळ मेले. खेकडे असलेले सर्व जगले. हा प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला.

मात्र हे सख्य प्रवाळाच्या पोषणावर अवलंबून आहे. पाणी फार तापले की प्रवाळ आपल्या शरीरातील अन्न पुरविणारी शैवले गमावतो व पांढरा पडतो. मग मेद आटतो, आणि पहारेकऱ्यांची उपासमार होते. पनामाच्या किनाऱ्यावर १९८२-८३ च्या उष्णतेनंतर पीटर ग्लिन यांना हेच दिसले. तेथे पोसिलोपोराचे कुंपण आतल्या प्रवाळांचे रक्षण करीत असे. ते मेल्यावर तारामासे सरळ आत शिरले. लक्षद्वीपचे प्रवाळ १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये असेच पांढरे पडले होते.