मुक्या साक्षीदारांची साक्ष

मनुष्य मेला की तो पंचत्वात विलीन झाला, असे आपण म्हणतो. चितेवर ठेवलेल्या देहाच्या बाबतीत हे काम अग्नी काही तासांत उरकतो. परंतु ज्या अभाग्याच्या वाट्याला चिताही येत नाही, जो रानात, ओहोळाकाठी अथवा खाजणात बेवारस पडून राहतो, त्याला पंचत्वापर्यंत पोचविण्याचे काम मुख्यतः डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्मजीव करतात. हेच सूक्ष्मजीव तो केव्हा मेला याची साक्षही देऊ शकतात, असे अलीकडच्या संशोधनाने दाखविले आहे. विषय किळसवाणा खरा. पण न्यायाशी त्याचा संबंध इतका निकटचा आहे की, नाक मुरडून चालणार नाही.

संशयास्पद मृत्यूच्या तपासात ‘केव्हा’ हा प्रश्न ‘कोणी’ या प्रश्नाइतकाच मोलाचा असतो. मृत्यू सोमवारी झाला की गुरुवारी, यावर एखाद्याची सुटका वा जन्मठेप अवलंबून राहते. शवाचे तापमान आणि स्नायूंचा ताठरपणा ही जुनी साधने पहिल्या एक-दोन दिवसांपुरतीच. आमच्या किनारपट्टीवर तर हवा आणि देह यांच्या तापमानात अंतरच थोडे. तेथे उष्णतामापकाने काय सांगावे? पुढे डॉक्टरला अनुभवावर आणि अंदाजावर विसंबावे लागते.

हा अंदाज किती चुकू शकतो याचा धडा अमेरिकेतील टेनेसी राज्यात 1977 साली मिळाला. तेथील एका जुन्या थडग्याजवळ सापडलेले प्रेत पाहून विल्यम बास या नामवंत मानववंशशास्त्रज्ञाने मृत्यूला फार तर वर्ष झाले असावे, असे मत दिले. प्रत्यक्षात ते यादवी युद्धात 1864 साली पडलेल्या कर्नल शाय याचे निघाले. औषधी द्रव्ये भरून लोखंडी शवपेटीत बंद केल्यामुळे ते टिकून राहिले होते. चूक थोडीथोडकी नव्हे, 113 वर्षांची! पण बास यांनी ती झाकली नाही. देह कसा कुजतो हे आपल्याला पुरेसे ठाऊक नाही, अशी कबुली देऊन त्यांनी नॉक्सव्हिल येथे दान मिळालेले देह उघड्यावर ठेवून त्यांचे निरीक्षण करणारे केंद्र उभारले. 1981 पासून तेथे काम सुरू झाले. तज्ज्ञाने आपली चूक मान्य केली आणि तिच्यातून एक नवे शास्त्र वाढीस लागले, ही गोष्ट आम्हांस फार मोठी वाटते.

प्राण गेल्यावर देहाची रोगप्रतिकारशक्ती लोपते, प्राणवायू संपतो आणि आतड्यांतील जिवाणूंना रान मोकळे मिळते. त्यांनी निर्माण केलेल्या वायूंमुळे पोटावर हिरवट डाग उमटतो, देह फुगतो. बुडालेले प्रेत तरंगून वर येते ते यामुळेच. पुढे त्वचा फाटते, द्रव मातीत झिरपतो आणि सूक्ष्मजीवांची नवी जमात पंगतीला बसते. एक जमात उठते, दुसरी बसते. आणि या पंगतींचा क्रम ठरलेला असतो. अमेरिकेतील तीन ठिकाणी 36 मानवी देहांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2024 साली प्रसिद्ध झाले. हवामान व ऋतू वेगळे असूनही कुजविणाऱ्या जिवाणूंचा आणि बुरशीचा सुमारे वीस प्रकारांचा गट सर्वत्र तोच आढळला. तो बहुधा माश्यांसारख्या कीटकांवाटे येत असावा, असा संशोधकांचा तर्क आहे. या क्रमावरून पहिल्या तीन आठवड्यांतील मृत्यूचा दिवस सुमारे तीन दिवसांच्या फरकाने सांगता आला.

मात्र ही साक्षही पारखूनच घेतली पाहिजे. हेच सूक्ष्मजीव प्रेतातील साखर आंबवून मद्यार्क तयार करतात. त्यामुळे कुजलेल्या देहाच्या रक्तात मद्यार्क सापडला म्हणून मृत मनुष्य दारू प्यालेला होता, असे ठरत नाही. अशा वेळी डोळ्यांतील द्रवाची तपासणी अधिक विश्वसनीय मानली जाते. हे तारतम्य न ठेवल्यास आयुष्यात थेंबही न चाखलेल्या माणसावर मरणोत्तर बट्टा लागेल आणि त्याच्या विधवेला विम्याच्या पैशासाठी दारोदार फिरावे लागेल. साक्षीदार खोटे बोलत नाही. ऐकणारा चुकीचे ऐकतो.

आपल्याकडे 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे आवश्यक ठरविले आहे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत अवधी आहे. तरतूद स्वागतार्ह आहे. पण तज्ज्ञ घटनास्थळी जाऊन पाहणार कशाच्या आधारे? टेनेसीच्या मातीत लावलेले घड्याळ मृगाच्या पावसात भिजलेल्या आमच्या जांभ्याच्या मातीत तीच वेळ दाखवील, असे गृहीत धरता येणार नाही. येथील उकाड्याचे, दमट हवेचे, खाऱ्या पाण्याचे मोजमाप येथेच व्हावयास हवे. त्यासाठी प्रयोगशाळा हव्यात, प्रशिक्षित माणसे हवीत, आणि देहदानही हवे. लोककल्याणासाठी स्वतःच्या अस्थी देणाऱ्या दधीचीला वंदन करणाऱ्या समाजाला ही कल्पना परकी वाटू नये.

सत्तेच्या वा पैशाच्या जोरावर माणसाचे तोंड बंद करता येते, हे आम्ही उभ्या आयुष्यात पाहिले आहे. मातीतल्या या साक्षीदारांना ना धमकावता येते, ना विकत घेता येते. त्यांची भाषा शिकून घेण्याची तसदी तेवढी आपण घ्यावयास हवी. नाहीपेक्षा ते सांगत राहतील आणि न्याय मात्र बहिराच राहील.