ट्रॅक्टर मालकाचा, मरण मजुराचे!

'चालकाचे नियंत्रण सुटल्याने ट्रॅक्टर उलटला.' दर पावसाळ्यात चंद्रपूर-गडचिरोलीच्या पानांवर या धाटणीची बातमी येते. चार ओळी, पोलिसांत नोंद, शवविच्छेदन आणि प्रकरण मिटले! नियंत्रण सुटले म्हणजे नेमके काय झाले? ब्रेक लागत होता का? चालकाला ट्रॅक्टर शिकवला कोणी? त्याच्याकडे परवाना होता का? ट्रॉलीचा विमा होता का? हे प्रश्न कोणी विचारीत नाही. कारण त्यांची उत्तरे शोधत गेले की वाट मालकाच्या ओसरीवर जाते, आणि गावात मालकाच्या ओसरीवर जाऊन प्रश्न विचारणारा अजून जन्मायचा आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सगळेच ट्रॅक्टरमालक धनदांडगे नाहीत. पाच एकरांचा कुणबी, तेली, माळी शेतकरी कर्ज काढून दुसऱ्या-तिसऱ्या हाताचा ट्रॅक्टर घेतो, स्वतःच चालवतो आणि प्रसंगी त्याच्याच खाली सापडून मरतो. तोही आमचाच बहुजन बांधव आहे. परंतु ज्याच्या नावावर ना शेत, ना ट्रॅक्टर, असा बौद्ध, गोंड, माडिया, ढिवर समाजातील तरुण रोजीवर स्टिअरिंग धरतो आणि त्याची आई-बहीण मागच्या ट्रॉलीत उभी असते, तेव्हा मरणाचा हिशेब एकतर्फी होतो. त्या हिशेबाबद्दल आम्हाला बोलायचे आहे.

४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला. हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील गुंज गावच्या शेतमजूर महिला त्यात होत्या. सात जणींचा बुडून मृत्यू झाला. केंद्राने आणि राज्याने मदत जाहीर केली, नेत्यांनी शोक व्यक्त केला. उत्तर प्रदेशात कानपूरजवळ ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि कासगंजला फेब्रुवारी २०२४ मध्ये ट्रॉल्या तलावात पडून प्रत्येक वेळी वीसहून अधिक माणसे मेली. त्यातही बाया आणि लेकरेच जास्त.

मग या बाया ट्रॉलीत बसतात कशाला, असे शहरातला वाचक विचारील. हौसेने नाही बसत! सकाळी सहा वाजता शेतावर पोहोचवणारी एस.टी. कोणत्या पांदण रस्त्याने येते? मजुरी ठरते तेव्हाच ट्रॉली धरलेली असते. जो नेईल त्याच्या वाहनात बसायचे, नाही तर रोजी बुडते. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातील गणपूरच्या महिला मिरची तोडायला वैनगंगा ओलांडत होत्या, नाव उलटली आणि त्यांतल्या काही जणी बुडून मेल्या. नाव काय आणि ट्रॉली काय, मजूर बाईच्या जिवाची किंमत सारखीच. ट्रॅक्टरवर चालकाशिवाय कोणालाही बसवू नये, हा नियम १९८९ च्या रस्ता नियमावलीत लिहिलेला होता. मडगार्डवर दोघे, हिचवर एक आणि ट्रॉलीत वीस, हे दृश्य मात्र आजही तालुक्याच्या चौकात वाहतूक पोलिसासमोरून जाते.

आता यंत्राकडे वळू. आमच्या धानपट्ट्यात, म्हणजे ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली, आरमोरी, देसाईगंज या भागात ट्रॅक्टरचे सर्वांत धोक्याचे काम म्हणजे रोवणीआधीची चिखलणी. मागच्या चाकांना लोखंडी केजव्हील लावून बांधीत चिखल करायचा आणि एका बांधीतून दुसऱ्या बांधीत जाताना धुरा चढायचा. येथेच घात होतो. मागची चाके रुतली, फिरेनाशी झाली आणि चालकाने घाईत क्लच झटकन सोडला, तर इंजिनाचा सगळा जोर अडकलेल्या चाकाला फिरवू शकत नाही. मग तो जोर ट्रॅक्टरचे धूडच आसाभोवती फिरवतो. पुढची चाके उचलली जातात आणि दीड-दोन सेकंदांत ट्रॅक्टर मागे उलटून चालकाच्या छातीवर येतो. उडी मारायलाही वेळ मिळत नाही.

त्यात आमच्याकडची एक जीवघेणी युक्ती आहे. चाक रुतले की त्याला आडवा लाकडी ओंडका बांधायचा, म्हणजे चाक ओंडक्यावर चढून बाहेर येईल. येते कधी कधी, म्हणून तर ही युक्ती टिकून आहे! परंतु ओंडका अडला की चाक पूर्ण जखडते आणि वर सांगितले तेच घडते. रुतलेला ट्रॅक्टर आधी मागे, म्हणजे रिव्हर्समध्ये, हळूहळू काढून पाहायचा असतो. नाही निघाला तर चाकापुढची माती उकरायची, अवजार सोडवून ठेवायचे, दुसरा ट्रॅक्टर आणायचा आणि साखळी खाली ड्रॉबारलाच लावायची. सीटमागे वरच्या टॉपलिंकच्या जागी साखळी लावली की ओढणारा ट्रॅक्टरही मागे उलटतो. हे ज्ञान काही रॉकेटचे नाही, एका दुपारी शिकवून होते. पण शिकवणार कोण?

दुसरी गोष्ट ब्रेकची. ट्रॅक्टरला उजव्या आणि डाव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, शेतात आखूड वळण घेता यावे म्हणून. रस्त्यावर येताना ही दोन्ही पेडले एका कडीने जोडायची असतात. जुन्या ट्रॅक्टरची ती कडी कधीच गळून पडलेली असते. भरधाव जाताना पाय एकाच पेडलवर पडला की एक चाक थांबते, दुसरे धावते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. मागे रेतीने भरलेली ट्रॉली असेल आणि तिला स्वतःचा ब्रेक नसेल, तर ती ट्रॅक्टरला ढकलत नेते. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे महाभाग आहेतच. वैनगंगेच्या घाटांवरून रात्री चोरट्या रेतीच्या फेऱ्या मारणारी आमची पोरे नेमकी याच अवस्थेत धावतात. महसूलचे पथक मागे, मालकाचा फोन कानाशी, ट्रॉलीला ना लाल दिवा ना परावर्तक पट्टी. पकडले तर नाव चालकाचे आणि मेला तरी नाव चालकाचेच!

तिसरी गोष्ट पीटीओ शाफ्ट, म्हणजे मागून थ्रेशरला फिरवणारा दांडा. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, सेकंदाला नऊ. पुंजण्यावरून धानाच्या पेंढ्या देणाऱ्या बाईचा पदर, ओढणी किंवा पुरुषाच्या लुंगीचे टोक त्यात सापडले, तर हात मागे घेण्याआधी माणूस गुंडाळला जातो. नव्या शाफ्टवर प्लास्टिकचे कवच असते, जुन्यावरचे कवच फुटून गेलेले असते आणि कोणी बदलत नाही. थ्रेशरमध्ये हात गमावणाऱ्या मजुरांसाठी १९८३ साली धोकादायक यंत्रे नियमन कायदा संसदेने केला. यंत्र कसे असावे आणि हात गेला तर भरपाई कोणी द्यावी, हे त्यात आहे. आपल्या किती कार्यकर्त्यांना त्याचे नाव ठाऊक आहे?

स्टार्टरची चावी बिघडली म्हणून जमिनीवर उभे राहून पान्याने स्टार्टर जोडण्याची सवयही अशीच. गाडी गिअरमध्ये असेल तर सुरू होताच मोठे चाक समोर उभ्या माणसावरून जाते. पिंजोरच्या एचएमटी कारखान्यातील ट्रॅक्टरनिर्मिती बंद करण्याचा निर्णय केंद्राने २०१६ मध्ये घेतला. ते ट्रॅक्टर शेतात अजून राबत आहेत आणि सुटे भाग जुगाडाने बसवले जातात. जुना ट्रॅक्टर वाईट नसतो, दुरुस्ती ठेवली तर तो चाळीस वर्षे चालतो. वाईट आहे ती दुरुस्तीचे पैसे वाचवून चालकाचा जीव पणाला लावण्याची वृत्ती. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरला चालकाभोवती लोखंडी संरक्षक चौकट सक्तीची केली, पुढे जुन्यांनाही ती बसवायला लावली आणि उलटून मरणाऱ्यांचे प्रमाण जवळजवळ शून्यावर आणले. चौकट बनवायला पोलाद लागते. आमचा चंद्रपूर जिल्हा कोळसा आणि सिमेंट देतो, गडचिरोलीच्या सुरजागडहून लोहखनिज जाते. आमच्या पोराच्या डोक्यावर मात्र दोन खांब आणि एक आडवा दांडा नाही!

बाबासाहेबांनी १९४५ च्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना सांगितले की दोष यंत्राचा नसून यंत्राचा लाभ मूठभरांकडे ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे. म्हणून आम्ही बैल परत आणा असे म्हणणार नाही. नांगरामागे आणि दुसऱ्याच्या बैलामागे आमच्या बापजाद्यांची हाडे झिजली आहेत. ट्रॅक्टर हवाच. प्रश्न त्याच्या मालकीचा, शिक्षणाचा आणि भरपाईचा आहे.

भरपाईचेच पाहा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूला दोन लाख मिळतात. कोणाला? वहितीधारक खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्याला. म्हणजे सातबारा पाहिजे. त्याच ट्रॅक्टरखाली मालक मेला तर शासनाची मदत, भूमिहीन चालक मेला तर शासनाचा शोक! विमा कंपन्यांचे तर विचारूच नका. ट्रॉलीतली माणसे म्हणजे फुकटचे प्रवासी, शेत म्हणजे सार्वजनिक जागा नव्हे, असे युक्तिवाद त्यांच्या वकिलांच्या तोंडी तयार असतात.

तरीही हातात काहीच नाही असे नाही. कामगार नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा होता. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत ट्रॅक्टरने शेती करण्याच्या कामावर ठेवलेला माणूस स्पष्टपणे कामगार म्हणून नोंदलेला होता. तो कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. कामावर असताना मेलेल्या चालकाच्या वारसाने मालकाकडे मागायची ही भीक नव्हे, भरपाई आहे. रस्त्यावरील अपघाताचा दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत टाकावा, अशी दुरुस्ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली आहे. तेरवीनंतर पाहू, दिवाळीनंतर पाहू, असे म्हणण्यात हे सहा महिने निघून जातात. पोराने अठरा वर्षे पूर्ण केलेली नसतील आणि मालकाने त्याला रस्त्यावर चावी दिली असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीने मालकालाच तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड ठेवला आहे. पोलीस ठाण्यात हे कलम लावून घेणे हे आपल्या तालुका शाखांचे काम आहे.

आणि प्रशिक्षण? केंद्र सरकारची ट्रॅक्टर प्रशिक्षण संस्था मध्य प्रदेशात बुधनीला १९५५ पासून आहे. पुढे हिस्सार, आंध्रात गार्लादिन्ने, आसामात विश्वनाथ चारिआली येथे आणखी तीन झाल्या. या चारांत महाराष्ट्रातील एकही नाही. भामरागडच्या पोराला गडचिरोली गाठायलाच दीडशे किलोमीटरहून जास्त जावे लागते, त्याने बुधनीला कधी जावे? पण सिंदेवाहीला कृषी विज्ञान केंद्र आहे, गडचिरोलीजवळ सोनापूरला आहे, तालुक्यांना आय.टी.आय. आहेत. पाच दिवसांचा वर्ग तेथेच भरू शकतो. एक जुना ट्रॅक्टर, एक चिखलाची बांधी, एक ट्रॉली आणि मराठी-गोंडीत बोलणारा एक मेकॅनिक, एवढेच लागते. पाचही दिवसांची रोजी मात्र दिली पाहिजे. रोजी बुडवून शिकायला कोण येईल?

हे विशेष करून आपल्या बचत गटांनी मनावर घ्यावे. अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या गटांना मिनी ट्रॅक्टर देण्याच्या योजनेत २०१७ च्या शासन निर्णयाने साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के अनुदान ठरले. ट्रॅक्टर ९ ते १८ अश्वशक्तीचा, सोबत अवजारे आणि ट्रॉली. येथे मालकी आमच्या हाती आली आहे. आता दुसऱ्याला शिव्या देऊन भागणार नाही. गटाच्या ट्रॅक्टरवर परवाना नसलेला भाचा बसणार, ट्रॉलीतून वऱ्हाड जाणार आणि विमा पहिल्याच वर्षानंतर संपणार, असे असेल तर आमच्यात आणि त्या ओसरीवाल्यात फरक काय? समाजकल्याण खात्याने गटातील किमान दोन सदस्यांचे प्रशिक्षण झाल्याशिवाय चावी देऊ नये, ही मागणी आपणच केली पाहिजे.

मृग लागण्याआधी सिंदेवाही आणि सोनापूरला वर्गासाठी गटांचे अर्ज पोहोचू द्या. अर्जावर बायांचीही नावे असावीत, नुसत्या नवऱ्यांची नकोत. आणि अर्ज द्यायला जाताना त्याच ट्रॉलीत बसून जाऊ नका.