बाळाचा श्वास घड्याळावर मोजा

मैत्रिणींनो, नवजात बाळ मिनिटाला 30 ते 60 वेळा श्वास घेतं. झोपेत मध्येच भराभर घेतं, मग पाच-दहा सेकंद थांबतं, पुन्हा सुरू होतं. घरातले घाबरतात, पण हे चालतं. नाक थोडं घुरघुरलं तरी चालतं. नाकात तेल मात्र सोडू नका, कोणी कितीही सांगो. ते फुप्फुसात उतरतं.

बाळ शांत असताना झबलं वर करा आणि पोटाची हालचाल पूर्ण मिनिटभर मोजा. 60 किंवा जास्त भरली तर पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढीच भरली, श्वास वीस सेकंद थांबला, बरगड्यांखाली खोल खड्डा पडतोय, बाळ कण्हतंय, ओठ-जीभ निळी दिसते, दूध ओढत नाही, यातलं एकही दिसलं तर आशाताईंच्या फेरीची वाट पाहू नका. 108 लावा. दृष्ट परतल्यावर काढा. जाताना बाळ आईच्या उघड्या छातीशी धरा, वरून गोधडी, तोंड-नाक मोकळं.